जात्यावरचा दिवा

माझी धाकटी जाऊ गिरणी संपाच्या लढ्यात उतरली ती पाळी आली म्हणून. हे ती मुलाखतीत सांगत नाही. मुलाखतीत ती म्हणते, अन्यायाची चीड होती, पोरांच्या तोंडचा घास जात होता, राहवलं नाही. तेही खोटं नाही. चीड तिला होतीच. पण चीड मलाही होती आणि मी थोरली होते. ती गेली आणि मी घरी राहिले यात चिडीचा काही संबंध नाही. त्या दिवशी तिला कावळा शिवला होता आणि मला शिवला नव्हता, एवढंच.

आम्ही लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायचो. दोघे भाऊ एकाच गिरणीत, माझे यजमान लूमखात्यात आणि धाकटे दीर सूतखात्यात. सासूबाई मालवणकडच्या, पायाने अधू झालेल्या, पण जिभेने अगदी धडधाकट. माझ्या दोन मुली आणि जाऊबाईंची एक. एवढ्या माणसांत आम्हा दोघींपैकी जिची पाळी असेल ती दाराशी गोणपाटावर बसायची. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, चुलीला हात लावायचा नाही. त्या चार दिवसांत दुसरीच्या अंगावर सगळं घर पडायचं. म्हणून एकमेकींच्या तारखा आम्हाला तोंडपाठ असायच्या. नवऱ्याच्या पाळीआधी जावेची पाळी लक्षात ठेवायची, असं मी तेव्हा गमतीने म्हणायचे. नवऱ्याची पाळी म्हणजे गिरणीतली, पहिली, दुसरी किंवा रात्रपाळी.

संप लागून थोडे दिवस झाले असतील. संघटनेचा एक माणूस गॅलरीतून दारोदार सांगत आला, की उद्या बायकांचा मोर्चा आहे, घरटी एक बाई आलीच पाहिजे. मी तेव्हा तांदूळ निवडत होते. तो पुढच्या दारावर जायच्या आत मी मनात निळं पातळ काढून ठेवलं होतं. पदर कसा खोचायचा, पोरींना कोणाकडे बसवायचं, सगळं ठरलं होतं माझं. थोरली मी, मोर्च्याला जाणार मीच, यात विचारायचं ते काय?

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी गोणपाटावर बसलेल्या धाकटीकडे पाहिलं.

"घरातसून एक जावक व्हयी," त्या म्हणाल्या. "तुका चुलीक हात लावूचो नाय. घरात बसान काय करतलंस गो? तूच जा."

धाकटी घाबरली. खरंच घाबरली होती ती, हेही ती मुलाखतीत सांगत नाही. म्हणाली, "मला नाय जमणार. वैनींना पाठवा ना." सासूबाई म्हणाल्या, "मग जेवण कोण करतला? मी?" आणि विषय संपला. घरात जिचा उपयोग नव्हता ती लढाईवर गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली ती चाळीची वाघीण होऊन. परळला कुठे तरी पोलिसांनी अडवलं होतं, रेटारेटी झाली होती आणि उजव्या खांद्यावर लाठीचा तडाखा बसला होता. बाकीच्या बायका मागे सरल्या तेव्हा ही म्हणे मधेच रस्त्यावर बसली. मागाहून तिने मला सांगितलं, की तिच्या पायांतलं बळच गेलं होतं, उभं राहताच येईना. पण तिला बसलेली बघून मागच्या बायकाही बसल्या आणि मोर्चा टिकला. चाळीच्या तोंडाशी घोषणा सुरू झाल्या तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. सासूबाई ओरडल्या, "निरांजन लाव गो, तिका ओवाळ."

मी ताट घेऊन दारात आले. अख्खी चाळ गॅलरीत जमलेली. आणि तिला ओवाळायचं तर शिवायचं नाही! मी हात लांब करून, कंबरेत वाकून, हातभर अंतरावरून ताट फिरवलं. कुंकू लावता येईना म्हणून तिच्या दिशेने चिमूटभर उडवलं. लोक हसले. तीही हसली. माझ्या हातावर आमटीची हळद तशीच होती. पोटात दुखणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते अजून थांबलेलं नाही.

त्यानंतर ती जातच राहिली. मोर्चा, गेट सभा, धान्य गोळा करायला झोळी फेरी, एकदा चार दिवस कोठडीत. जाताना भित्री होती, पण येताना दर वेळी आवाज थोडा मोठा झालेला असायचा. चाल बदलली. गॅलरीत बसताना एक गुडघा वर घेऊन पुरुषासारखी बसायला लागली आणि पुरुष तिला जागा करून द्यायला लागले. आमच्याकडची रीत अशी, की धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. ती रीत कधी गळून पडली ते समजलंच नाही. माझे यजमान रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचे. कोणाला? तिला. "हे बघ, काय छापलंय," असं म्हणून तिच्याकडे वळायचे. मी दोघांच्या मधे पेजेचं पातेलं ठेवायचे, जरा आपटूनच. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, माणसाने मला कधी रेशनच्या रांगेची बातमीसुद्धा वाचून दाखवली नव्हती.

आणि माझ्या पोरी. धाकटी मुलगी काकीचा पदर धरून घोषणा द्यायला शिकली. "आमच्या मागण्या मान्य करा," असं म्हणत ती जेवायला बसायची आणि ताटात पुन्हा कुळथाची पिठी बघून माझ्याकडे मूठ उगारायची. सगळे हसायचे. मी पण हसायचे, पण आतून तळपायाची आग मस्तकात जायची. पोरी, ती पिठी ताटात येते कशी हे तरी विचार!

मी काय करत होते ते कोणी विचारलेलं नाही, तरी सांगते. भायखळ्याच्या बाजारात दुपारी उठता उठता उरलेली भाजी मिळायची, ती आणत होते. सासूबाईंना उठवत, बसवत, परसाकडे नेत होते. तिच्या मुलीचे केस मी विंचरत होते. ती कोठडीत होती तेव्हा त्या पोरीला ताप भरला आणि मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. पोर झोपेत आई आई करत होती. तिची आई मी नव्हते.

मग एका रात्री माझी पाळी आली. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोर्चा होता. मी पहाटेच गोणपाट उचललं आणि दाराशी जाऊन बसले. निळं पातळ उशाशी घडी करून ठेवलेलं. सासूबाई उठल्या तशी म्हटलं, "मला शिवू नका. आज मी जाते, हिला घरी राहू दे."

सासूबाईंनी आधी निळ्या पातळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिका आता सवय झाली हा. लोक तिची वाट बघतत. तू चुलीकडे बस."

"अहो, पण मला..."

"लढाईत सगळा चलता गो. पोरांच्या पोटाक काय सांगतलंस, विटाळ आसा म्हणान?"

झालं! धाकटीच्या वेळी विटाळ होता, माझ्या वेळी नव्हता. ज्या रिवाजाने तिला बाहेर काढलं तोच रिवाज माझ्यासाठी त्या सकाळी गुंडाळून ठेवला गेला. मी उठले, हात धुतले आणि तांदूळ वैरले. धाकटी पायात चपला सरकवताना म्हणाली, "वैनी, संध्याकाळी मी भांडी घासते हां." काय उपकार!

त्या वर्षी पावसात बरेचसे गडी गावी गेले, निदान लावणी तरी होईल म्हणून. माझे धाकटे दीरही आषाढात गेले ते तिथेच राहिले. गणपतीला आम्ही कोकणातली माणसं मुंबईत थांबत नाही. पण त्या वर्षी सगळ्यांना जायला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून चाळीचं मंडळ भरलेलं होतं. मूर्ती बसली, पण देखाव्याचं काय? दर वर्षी हलती चित्रं असायची, मोटारीवर मान हलवणारे राक्षस वगैरे. आता ते कोण आणणार? तेव्हा लूमखात्यातले एक जण होते, गावच्या नाटकात कामं करणारे. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. ते म्हणाले, "जिवंत देखावा करू. आपल्याच बायका उभ्या करू."

जिवंत देखावा म्हणजे माणसांनी पुतळ्यासारखं निश्चल उभं राहायचं आणि मागून टेपवर निवेदन लावायचं. मास्तरांनी विषय काढला, लढाईच्या काळातल्या बायका. बांबू आणि रंगवलेल्या गोणपाटाचा गड, मर्द लढाईवर गेलेले, गडावर एक बाई तलवार उपसून उभी. आणि खाली गडाच्या पायथ्याशी घरात एक बाई जात्यावर बसलेली. तीही लढाईचाच भाग आहे, असं मास्तर म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

बैठक गॅलरीतच झाली. गडावरची कोण, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या. आणि मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहून म्हटलं, "तलवार मी घेते."

मागून कोणी तरी हसलं. मास्तर गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्ही जात्यावर शोभाल. तुम्हाला सवय आहे. शिकवावं लागणार नाही."

मी बसले. जातं तर जातं, म्हटलं. पण मी गप्प बसले त्याचं कारण वेगळं होतं. बसल्या बसल्या मी हिशेब केला होता. धाकटीची तारीख गणपतीच्या दिवसांतच येत होती. पाळी आलेली बाई मंडपात पाऊल टाकत नाही. गणपतीसमोर तर नाहीच नाही. तिथे सासूबाईंचं लढाईत चलता बिलता चालणार नव्हतं. सगळ्या चाळीचा देव होता तो. म्हणजे एक ना एक दिवस तलवार खाली येणार होती आणि ती धरायला खाली मीच बसलेली असणार होते.

देखावा सुरू झाला. संध्याकाळी आरती झाली की शेजारच्या चाळींतून, घोडपदेवहून, पार शिवेहूनसुद्धा माणसं यायची. रांग मंडपात आत घ्यायची, टेप सुरू, घोड्यांच्या टापा करवंट्या आपटून केलेल्या, मग मास्तरांचा खणखणीत आवाज. गडावर पांढरा झोत. धाकटीने सासूबाईंचं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलेलं, कासोटा घातलेला. ते लुगडं मी लग्न होऊन आल्यापासून ट्रंकेत बघत होते. मला कधी हात लावायला मिळालं नव्हतं. पुठ्ठ्याच्या तलवारीला मास्तरांनी चांदीचा बेगड लावला होता आणि दिव्यात ती खरोखर लखलखायची.

माझ्यासाठी डबड्यात बसवलेला एक लाल दिवा होता. सगळ्या निवेदनात माझं वाक्य एकच. "आणि घराघरांतून माउल्या दळण दळत होत्या." ते वाक्य आलं की वायरमन बटण दाबायचा, माझ्यावर लाल उजेड पडायचा आणि वाक्य संपलं की विझायचा. खुंट्यावर हात, मान खाली, हलायचं नाही. मान खाली असल्याने मला माणसं दिसायची नाहीत. पण दिवा लागला की मी चेहरा नीट करायचे. ओठ जरा मिटून, कपाळावर किंचित आठी, जशी दमलेली पण न हरलेली बाई असावी. त्या एका वाक्यापुरती सगळी रांग माझ्याकडे बघते आहे हे मला पाठीवरून जाणवायचं. त्यासाठी मी दिवसभराचं सगळं विसरायचे.

पण धाकटीची पाळी येईना.

तारीख उलटली. मी रोज सकाळी तिच्या गोणपाटाकडे बघायचे, ते आपलं कोपऱ्यात गुंडाळलेलं. दिवस गेले असतील म्हणावं तर दीर दोन-अडीच महिने गावी. उपासमार, दगदग, उन्हातान्हात फिरणं, बाईचं अंग असं मागेपुढे होतंच. होतं ते कळत होतं, पण विसर्जन जवळ येत चाललं होतं. शेवटी मी कंबर कसली. पपई उष्ण, तिने पाळी लवकर येते म्हणतात; भायखळ्याला गेले आणि दोन पिकलेल्या पपया घेऊन आले, जरा डागी होत्या. कापून बशीत घालून तिच्यापुढे ठेवल्या.

"एवढी पपई?" ती म्हणाली.

"खा. तुझी शक्ती गेली आहे किती."

तिने माझ्याकडे बघितलं, मग बशीकडे बघितलं आणि सगळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तीळ आणि गूळ दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ओव्याचा काढा आणि पुन्हा पपई. सासूबाई म्हणाल्या, "बघा गो, जाव असूची तर अशी." शेजारणींनी मला नावाजलं. धाकटी एका शब्दाने न बोलता खात होती.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी मी नळावरून आले तर धाकटी दाराशी गोणपाटावर बसली होती. "वैनी, माझी आली," ती हळूच म्हणाली. "आज तलवार तुम्ही घ्या."

मी "अरेरे" म्हटलं. चेहरा पण तसा केला असणार.

सासूबाईंनी लुगडं काढून दिलं. निऱ्या मी दोनदा सोडून पुन्हा घातल्या. मास्तर मंडपात डोक्याला हात लावून उभे होते. "वहिनी, तुम्ही वर गेलात तर खाली कोण बसणार? आता आयत्या वेळी कोणाला शोधू?" मग त्यांनी खाली जात्याकडे बघितलं, हात झटकला आणि म्हणाले, "जाऊ दे. जातं आहे ना तिथे. कोणी नसलं तरी चालेल. लोक वरच बघतात."

"चालेल," मी म्हटलं. मला वर जायची घाई झाली होती.

गडावर चढले. पुठ्ठ्याची तलवार अगदीच हलकी होती. तरी ती हात वर करून धरायला अवघड जाते हे पहिल्याच खेळात कळलं. धाकटीने मार बसलेल्या खांद्याने ती इतके दिवस कशी धरली असेल, हा विचार मनात आला आणि मी तो ढकलून दिला. पांढरा झोत पडला. रांग आत आली. अंगावर काटा येणं काय असतं ते मला तिथे कळलं. सगळी तोंडं वर. ओळखीची, अनोळखी, लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसलेली. माझे यजमान पोरींना घेऊन आले होते. धाकटी मुलगी "आई!" असं ओरडली आणि यजमानांनी तिला गप्प केलं, पण स्वतः माझ्याकडे असे बघत होते की माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी तसं बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता दुसरं काही नको. वाटलं, ती तिकडे गोणपाटावर बसली आहे आणि मी इथे उभी आहे.

तेवढ्यात टेपवर ते वाक्य आलं. आणि घराघरांतून माउल्या दळण दळत होत्या. खट् करून खाली लाल दिवा लागला.

मान न हलवता मी डोळे खाली केले. रिकामी चटई, जातं, सूप. त्यावर लाल उजेड. आणि समोर इतकी माणसं, एकाचीही मान खाली वळली नाही. कोणी विचारलं नाही, कोणी हसलं नाही, कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. वाक्य संपलं, दिवा विझला.

दुसऱ्या रांगेच्या वेळी मी नीट लक्ष ठेवलं. तेच. तिसऱ्या वेळी तेच. म्हणजे इतके दिवस मी खाली बसून ओठ मिटत होते, कपाळाला आठी घालत होते, ते कोणासाठी? माझ्याकडे कोणी कधी बघतच नव्हतं. मी बसले काय नि उठले काय, देखावा तोच होता. तलवार धरलेल्या माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पण तिथे उभं राहून मला जे वाटलं ते दुखणं हाताचं नव्हतं.

देखावा आटोपून वर आले. धाकटी गॅलरीच्या कठड्याला टेकून बसली होती. तिने मला बघितलं असणार, निदान ते तरी असेल, असं मला वाटत होतं. बाकी सगळं जग राहू दे, पण तलवार घेतलेली मी तिने बघायला हवी होती.

"कशी दिसले गं?" मी विचारलं.

"वैनी, इथून तुम्ही दिसलाच नाही," ती म्हणाली. "मंडपाची झालर आड येते. वरनं बघितलं की नुसता खालचा भाग दिसतो. जातं रिकामं होतं. दर वेळी दिवा लागायचा आणि तिथे कोणीच नाही. मला कसंसंच झालं." मग म्हणाली, "पुढच्या वर्षी मी बसते जात्यावर. तुम्ही वरच राहा."

मला तिला काय करावं तेच कळेना. एक तर जे मी तिला दाखवायला गेले ते तिला दिसलं नाही. आणि जे कोणालाच दिसलं नाही ते नेमकं हिलाच दिसावं! शिवाय ती जात्यावर बसली असती तर काय झालं असतं हे मला लख्ख दिसत होतं. चाळीची वाघीण खाली दळायला बसली, म्हणून सगळ्यांच्या माना खाली वळल्या असत्या. मी वर तलवार धरून उभी, आणि लोक बघताहेत जात्याकडे.

"तू गप्प बस," मी म्हटलं. "जातं माझं आहे."

विसर्जनाच्या दिवशी शेवटचे खेळ होते. मी मास्तरांना सांगितलं, तलवारीला दुसरी कोणीही उभी करा. त्यांनी समोरच्या खोलीतली एक उंच मुलगी वर चढवली. मी घरातून ओंजळभर तांदूळ पदरात बांधून नेले होते. जातं रंगवलेलं असलं तरी दगडाचं होतं, चाळीतल्याच एकीच्या घरातून आणलेलं. रांग आत आली, टापा झाल्या, निवेदन झालं. माझं वाक्य आलं, लाल दिवा लागला. मी जात्याच्या तोंडात मूठ टाकली आणि खुंटा धरून गरागरा फिरवला.

घरघर झाली ती सगळ्या मंडपात. टेपवरचा आवाज त्यात बुडाला. देखाव्यात हलायचं नसतं, आणि मी दळत होते. मी मान वर केली. सगळी रांग, एक नाही दोन नाही, सगळी तोंडं खाली माझ्याकडे वळली होती. वायरमन बावचळला आणि दिवा विझवायचाच विसरला. मी दळत राहिले. पदरातले तांदूळ संपेपर्यंत दळले. मास्तर मागून "वहिनी! वहिनी!" असं दबक्या आवाजात ओरडत होते. गॅलरीतून, जिथून फक्त खालचा भाग दिसतो तिथून, कोणी तरी जोरात टाळ्या वाजवल्या. कोण ते सांगायला नको.

संप कधी मिटलाच नाही, नुसता विरत गेला. गिरणीच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. आमची चाळही पाडली, टॉवर झाला, मागाहून शेजारची खोली घेतली होती म्हणून आम्हा दोघींना समोरासमोर दारं मिळाली. सासूबाई गेल्या, मग यजमान, मग दीर. आणि अधूनमधून कॉलेजातल्या मुली येतात, मोबाइल समोर ठेवतात आणि धाकटीला विचारतात, संपातल्या बायकांबद्दल सांगा. ती मोर्चा सांगते, कोठडी सांगते आणि शेवटी दर वेळी जात्याची गोष्ट सांगते. "खरी लढाई माझ्या वैनींनी लढली," असं म्हणून ती घरघर तोंडाने काढून दाखवते. मुलींच्या डोळ्यांत पाणी येतं. एकदा सभागृहात तिने ती सांगितली तर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी पहिल्या रांगेत होते, माझ्याकडे वळून बघितलंही त्यांनी. पण टाळ्या तिला होत्या. माझी गोष्ट ती माझ्यापेक्षा चांगली सांगते, याला काय करणार?

मी एवढ्यावर समाधान मानत आले होते, की पपईचं तिला ठाऊक नाही. सगळं तिने नेलं तरी तेवढं माझं एकटीचं होतं.

परवा अशीच एक मुलगी येऊन गेली. ती लिफ्टमध्ये शिरल्यावर धाकटी माझ्याच घरात बसून राहिली, सवयीने एक गुडघा वर घेऊन. उजवा खांदा हल्ली तिला फारच त्रास देतो, ती तो डाव्या हाताने चोळत होती. टेबलावर सकाळी आणलेली पपई होती. तिने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, अगदी तेव्हा बशीपुढे बसून बघितलं होतं तसं.

"वैनी, कापा ना पपई," ती म्हणाली. "आता कसली भीती?"

आणि हसली.

मी सुरी घेतली, पपई कापली, बिया काढल्या. दोन बशा घेतल्या आणि मोठी फोड माझ्या बशीत घातली.